‘अथेन्सची राज्यव्यवस्था’ : बखर कीं दफ्तर ?

प्राचीन ग्रीक नगरराज्यांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें व शिकविलें जातें, त्याचा बराच भाग गोष्टीरूप असतो. सोलोननें कर्जें माफ केलीं, पिसिस्ट्राटसानें स्वतःस जखमा करून घेऊन शरीररक्षक मिळविले, स्पार्टाच्या मुलानें चोरलेलें कोल्ह्याचें पिलूं वस्त्राखालीं लपवून प्राण दिला, अशा या गोष्टी आहेत. त्या मनोरंजक आहेत व त्यांपैकीं कांहीं खऱ्याहि असतील. परंतु नगराचा कारभार चाले कसा, न्याय देणारास रोज किती मिळे, धान्याचा भाव कोण पाही, मुलगा वयांत आला म्हणजे त्याचें काय होई, या प्रश्नांचीं उत्तरें त्यांत सांपडत नाहींत. तीं ज्या एका ग्रंथांत बऱ्याच अंशीं सांपडतात, त्याचें ऐतिहासिक साधन या दृष्टीनें परीक्षण करावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. अरिस्टॉटलच्या नांवावर असलेला ‘अथेन्सची राज्यव्यवस्था’ हा तो ग्रंथ होय.

बखर आणि अस्सल कागद यांतील भेद महाराष्ट्रांतील इतिहासाभ्यासकांस नव्यानें सांगावयास नको. कै. राजवाडे यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हा भेद आपल्या अभ्यासाच्या पायाशीं आहे. हीच कसोटी या ग्रीक ग्रंथास लावली असतां जें दिसतें तें थोडक्यांत असें : हा एक ग्रंथ नसून एका वेष्टनांत बांधलेले दोन ग्रंथ आहेत. पहिला बखरीच्या जातीचा व दुसरा दफ्तराच्या जातीचा आहे. पहिल्याचा शब्द प्रमाण मानणें जितकें चुकीचें, तितकेंच दुसऱ्याकडे नीरस म्हणून दुर्लक्ष करणेंहि चुकीचें आहे.

१. ग्रंथप्राप्ति

अरिस्टॉटल व त्याचे शिष्य यांनीं १५८ राज्यांच्या घटनांचीं वर्णनें तयार केलीं होतीं अशी परंपरा आहे. त्यांपैकीं अथेन्सच्या वर्णनांतील उतारे उत्तरकालीन कोशकारांच्या ग्रंथांत आढळत, परंतु मूळ ग्रंथ लुप्त झाला होता. पुढें इजिप्तमधून पपायरसाच्या चार गुंडाळ्या ब्रिटिश म्यूझियमच्या हातीं आल्या आणि त्यांवरील पाठ फ्रेडरिक केन्यन यांनीं १८९१ मध्यें छापून प्रसिद्ध केला. या गुंडाळ्यांच्या पुढील बाजूस इजिप्तमधील एका शेतीचा जमाखर्च आहे. तो रोमन बादशहा व्हेस्पेशिअन याच्या कारकीर्दींतील, इ. स. ७८-७९ चा आहे. हिशेबाचें काम संपल्यावर त्याच कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर चार निरनिराळ्या हातांनीं हा ग्रंथ उतरून घेतला. अर्थात् मूळ रचना व ही प्रत यांत सुमारें ४०० वर्षांचें अंतर आहे. आरंभ गहाळ झाला आहे आणि शेवटचा भाग फार फाटलेला आहे.

ग्रंथ खुद्द अरिस्टॉटलचा कीं त्याच्या शिष्याचा, हा वाद जुना आहे. या ग्रंथावर १९८१ मध्यें विस्तृत भाष्य लिहिणारे पी. जे. ऱ्होड्स यांनीं तो शिष्याचा असावा असें मत दिलें आहे. आपल्या दृष्टीनें कर्त्याच्या नांवापेक्षां त्याचा काळ व त्याचें ठिकाण महत्त्वाचें आहे. ग्रंथांत इ. स. पू. ३२९-२८ च्या वर्षाधिकाऱ्याचा उल्लेख आहे. तेव्हां आज आहे त्या रूपांत तो त्यापूर्वींचा नव्हे. कर्ता अथेन्समध्यें राहून लिहीत होता व समोर चाललेला कारभार पाहत होता, हें दुसऱ्या भागाच्या प्रत्येक पानावर दिसून येतें.

२. बखरीचा भाग

एकूण ६९ प्रकरणांपैकीं पहिल्या ४१ प्रकरणांत अथेन्सच्या राज्यघटनेंत झालेलीं स्थित्यंतरें सांगितलीं आहेत. त्यांची मोजदाद कर्त्यानें शेवटीं ११ अशी केली आहे. हा भाग त्यानें पूर्वींच्या लेखकांवरून व ऐकीव परंपरेवरून जुळविला आहे. म्हणून तो इतर साधनांशीं ताडून पाहिल्यावांचून घेतां येत नाहीं.

पहिलें उदाहरण प्रजेच्या निःशस्त्रीकरणाचें. इ. स. पू. ५१४ मध्यें हिप्पार्कसाचा खून झाला, तेव्हां त्याचा भाऊ हिप्पिआस यानें उत्सवाच्या मिरवणुकींतील लोकांस युक्तीनें बाजूस नेऊन त्यांचीं शस्त्रें काढून घेतलीं असें थुसिडिडीस सांगतो. आमचा ग्रंथकार म्हणतो कीं, ही कथा खरी नव्हे. मिरवणुकींत शस्त्र धरण्याची चाल त्या वेळीं नव्हतीच, ती पुढें लोकसत्तेच्या काळीं पडली, आणि शस्त्रें काढून घेतलीं तीं बाप पिसिस्ट्राटस यानें पूर्वींच. एकाच घराण्यांतील बाप कीं मुलगा, हा घोटाळा आपल्या बखरी वाचणारास अपरिचित नाहीं. तथापि येथें आमच्या ग्रंथकारानें चालीच्या इतिहासावरून कथेचें खंडन केलें आहे, ही त्याची पद्धति लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. इ. स. पू. ४६२-६१ मध्यें एफिआल्टीस यानें अरेओपागस नांवाच्या जुन्या वृद्धसभेचे अधिकार काढून घेतले. या कामीं थेमिस्टोक्लीस याचें कारस्थान होतें, असें सांगून ग्रंथकारानें एक चटकदार कथा दिली आहे. परंतु थुसिडिडीसाच्या वृत्तांताप्रमाणें थेमिस्टोक्लीस हद्दपार होऊन इराणांत पोंचला, तेव्हां बादशहा अर्तक्षत्र नुकताच गादीवर बसला होता, म्हणजे इ. स. पू. ४६५ च्या सुमारास. जो मनुष्य इराणी बादशहाच्या आश्रयास गेला, त्यानें तीन वर्षांनंतर अथेन्समध्यें बसून कारस्थान केलें हें कालदृष्ट्या जुळत नाहीं.

तिसरें उदाहरण चौथ्या प्रकरणांतील ड्रेकनच्या राज्यघटनेचें. तींत सेनापतींस मुख्य वर्षाधिकाऱ्यांहून मोठी मालमत्ता असली पाहिजे असा नियम सांगितला आहे. सेनापतींचें असें प्राधान्य ड्रेकननंतर दीड-दोनशें वर्षांनीं आलें. तेव्हां हें प्रकरण पांचव्या शतकाच्या अखेरीस अल्पसंख्यांच्या पक्षानें आपल्या मतास जुना आधार मिळावा म्हणून रचलेल्या मजकुरावरून आलें असावें, हें बहुतेक संशोधकांचें मत योग्य दिसतें. आपल्याकडे वतनाच्या तंट्यांत जुन्या तारखेचा बनावट कागद पुढें येई, त्यांतलाच हा प्रकार आहे.

ग्रंथकाराचा कल कोणत्या बाजूस आहे हेंहि झांकलेलें नाहीं. निकिआस, मेलेसिआसचा मुलगा थुसिडिडीस व थेरामेनीस यांची तो मुद्दाम स्तुति करतो; पेरिक्लीसनंतरचे लोकनायक त्यास आवडत नाहींत. तरीपण एका ठिकाणीं त्याचा सरळपणा प्रत्ययास येतो. सर्व सत्ता लोकांनीं आपल्या हातीं घेतली असें सांगून, हें त्यांनीं योग्यच केलें, कारण पैशानें व भिडेनें थोडे जितके बिघडतात तितके पुष्कळ बिघडत नाहींत, असा अभिप्राय तो देतो. आपल्या पक्षाच्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट जो लिहून ठेवतो, त्याची साक्ष सरसकट टाकून देतां येत नाहीं.

३. दफ्तराचा भाग

बेचाळिसाव्या प्रकरणापासून ग्रंथाची भाषाच पालटते. भूतकाळ जाऊन वर्तमानकाळ येतो. व्यक्तींच्या नांवांची जागा अधिकारपदांचीं नांवें घेतात व हेतूंच्या जागीं आंकडे येतात. हा पालट एकाच विषयावर पाहावा. न्यायसभेंत बसणारास वेतन कां मिळूं लागलें, याचें उत्तर पहिल्या भागांत असें आहे कीं, किमोन हा फार धनाढ्य असून आपल्या मौजाच्या लोकांस खुशाल खाऊं घाली; पेरिक्लीसजवळ तेवढें धन नव्हतें, म्हणून कोणीं दिलेल्या सल्ल्यावरून त्यानें लोकांचेंच धन लोकांस वांटलें. ही बखर झाली. दुसऱ्या भागांत त्याच विषयावर एवढेंच आहे : न्यायसभेंत बसणारास ३ ओबोल, पांचशें सभासदांच्या मंडळांतील सभासदास ५ ओबोल, लोकसभेच्या साध्या बैठकीस १ द्राख्मा म्हणजे ६ ओबोल, मुख्य बैठकीस ९ ओबोल. हें दफ्तर झालें. पहिल्यावरून किमोन व पेरिक्लीस यांचें वैर कळतें, दुसऱ्यावरून अथेन्स कळतें.

कारभाराची वांटणीहि अशीच नेमकी आहे. नागरिकांचे १० गण, प्रत्येक गणांतून चिठ्ठीनें निवडलेले ५० सभासद, मिळून ५०० चें मंडळ. प्रत्येक गणाचे ५० जण पाळीपाळीनें कारभार पाहत. पहिल्या चार पाळ्या ३६ दिवसांच्या, पुढील सहा ३५ दिवसांच्या. या सर्वांची बेरीज ३५४ दिवस होते, म्हणजे एक चांद्र वर्ष. प्रत्येक पाळींत लोकसभा चार वेळां भरे. आंकड्यांची अशी बेरीज जुळणें हें ऐकीव माहितीचें लक्षण नव्हे.

रोजच्या व्यवहाराविषयींचीं ५० व ५१ हीं प्रकरणें तर अमोल आहेत. शहराची देखरेख करणारे १० अधिकारी असत, त्यांपैकीं ५ बंदरांत व ५ गांवांत. पांवा व तंतुवाद्यें वाजविणाऱ्या स्त्रियांस दोन द्राख्मांहून अधिक मोबदला कोणीं देऊं नये हें ते पाहत, आणि एकीसाठीं अनेक मागणारे आल्यास चिठ्ठ्या टाकीत. मैला गोळा करणारानें तो तटापासून १० स्टेडिआंच्या आंत टाकूं नये, रस्त्यावर कोणीं घर वाढवूं नये किंवा सज्जा काढूं नये, खिडकीचीं दारें रस्त्याकडे उघडूं नयेत, हेंहि त्यांचेंच काम. बाजारांत भेसळ न व्हावी म्हणून १० अधिकारी, वजनेंमापें तपासण्यास १०. धान्यरक्षक पूर्वीं गांवांत ५ व बंदरांत ५ असत, ते ग्रंथकाराच्या काळीं २० व १५ झाले होते. जवाच्या भावानें पीठ विकलें जातें कीं नाहीं, गव्हाच्या भावानें भाकरी विकली जाते कीं नाहीं, व भाकरीचें वजन नेमल्याप्रमाणें आहे कीं नाहीं, हें ते पाहत. समुद्रावरून धान्यबाजारांत आलेल्या मालापैकीं दोन तृतीयांश शहरांत आणलाच पाहिजे, अशी सक्ति व्यापाऱ्यांवर असे. ‘पूर्वीं इतके, आतां इतके’ ही वाक्यरचना या भागांत पुन्हां पुन्हां येते, आणि नोंद ठेवणाराची ती खूणच आहे. धान्यरक्षक १० चे ३५ कां झाले, याचें कारण ग्रंथकार सांगत नाहीं. पण परदेशी धान्यावर जगणाऱ्या शहराची चिंता त्या आंकड्यांतच दिसते.

४. पडताळा

दफ्तरासहि पडताळा पाहिजे, आणि सुदैवानें तो जमिनींतून मिळाला आहे. अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेचें उत्खनन अमेरिकन संशोधकांनीं १९३१ मध्यें सुरू केलें. शेवटच्या सात प्रकरणांत न्यायसभेची पद्धति इतक्या बारकाईनें वर्णिली आहे कीं, केवळ पाठावरून ती नीट कळत नसे. तेथें न्यायसभासद निवडण्याच्या साधनास जो शब्द आहे, त्याचा अर्थ कांहीं विद्वानांनीं ‘चिठ्ठ्या काढण्याचें दालन’ असा केला होता. स्टर्लिंग डाऊ यांनीं १९३७ ते १९३९ या काळांत, खांचांच्या ओळी कोरलेल्या दगडी शिळांचे तुकडे अभ्यासून, तें दालन नसून यंत्र होतें हें सिद्ध केलें. खांचांत नागरिकांच्या नांवांच्या पट्ट्या बसवीत व बाजूच्या नळींतून पडणाऱ्या गोट्यांच्या रंगावरून ओळीच्या ओळी निवडल्या किंवा वगळल्या जात. उपलब्ध शिळा बहुतेक ग्रंथानंतरच्या काळांतील आहेत, तरी पाठाचा अर्थ त्यांनींच उलगडला.

मत देण्यासाठीं कांशाच्या चकत्या असत. एकीचा मधला दांडा पोकळ, दुसरीचा भरीव. बोटांनीं टोकें झांकलीं म्हणजे कोणतें मत दिलें हें शेजाऱ्यास कळूं नये, असें ग्रंथ म्हणतो. तशाच चकत्या उत्खननांत निघाल्या. भाषणाची वेळ मोजण्याचें मातीचें जलघटिकापात्रहि सांपडलें. तें रिकामें होण्यास सुमारें ६ मिनिटें लागतात. लेख आणि वस्तु यांचा असा मेळ बसल्यावर दुसऱ्या भागाच्या विश्वसनीयतेविषयीं शंका राहत नाहीं.

५. शिक्षणाविषयीं ग्रंथाची साक्ष

मुलगा १८ वर्षांचा झाला म्हणजे त्याच्या मौजांतील लोक शपथेवर मत देऊन त्याचें नांव नोंदीत. त्यानंतर दोन वर्षें राज्याच्या खर्चानें शिक्षण. प्रत्येक गणांतील मुलांचे बाप जमून ४० वर्षांवरील तीन योग्य गृहस्थांचीं नांवें सुचवीत. त्यांतून लोक एक पालक निवडीत. पालकास रोज १ द्राख्मा, मुलास ४ ओबोल; गणागणाच्या पंक्तींत जेवण. व्यायामाचे दोन शिक्षक, आणि शस्त्रयुद्ध, धनुष्य, भाला व दगडफेकीचें यंत्र शिकविणारे निराळे. वर्ष संपल्यावर लोकांसमोर कवायत करून दाखवीत, राज्याकडून ढाल व भाला मिळे, आणि दुसरें वर्ष सरहद्दीच्या ठाण्यांत पहाऱ्यावर जाई. या तरुणांचे शिलालेख इ. स. पू. ३३४-३३ च्या सुमारापासून मिळूं लागतात. तेव्हां ग्रंथकार नव्यानें बसविलेली घडी वर्णीत आहे, पुरातन परंपरा नव्हे.

आयुष्यभर अध्यापन केलेल्या मनुष्याचें लक्ष या यादींत काय नाहीं याकडे आधीं जातें. तींत अक्षरें शिकविणारा शिक्षक नाहीं. सहा-सात वर्षांपासून अठरापर्यंतचा मुलगा या यादींत कोठेंच दिसत नाहीं. हा ग्रंथकाराचा विसर नव्हे. अथेन्समध्यें बालशिक्षण हें बापाचें व त्याच्या पैशाचें काम होतें. एस्किनीस याच्या इ. स. पू. ३४६-४५ च्या भाषणांत शाळांविषयींच्या कायद्याचा उल्लेख आहे, पण तो सूर्योदयापूर्वीं शाळा उघडूं नये व सूर्यास्तापूर्वीं बंद करावी, अशा शीलरक्षणाच्या नियमांचा. पांवा वाजविणारीचा मोबदला राज्य ठरवी, पंतोजीचा ठरवीत नसे. जें राज्य प्रत्येक नागरिकाच्या हातीं खापरीवर नांव लिहून पुढाऱ्यास हद्दपार करण्याचा अधिकार देतें, तें त्यास लिहावयास शिकविण्याची जबाबदारी घेत नाहीं. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरींत थेमिस्टोक्लीसचें नांव कोरलेल्या १९० खापऱ्या सांपडल्या, आणि अक्षरावरून त्या केवळ १४ हातांनीं लिहिलेल्या आहेत. तयार खापऱ्या वांटण्याचा उद्योग कोणत्या तरी पक्षानें केला होता हें उघड आहे. दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या मताची किंमत काय, हा प्रश्न या खापऱ्या आपोआप पुढें आणतात.

शिक्षण सर्वांस एक व राज्याच्या देखरेखीखालीं असावें, हें मत खुद्द अरिस्टॉटलनें ‘राजनीति’ या ग्रंथाच्या आठव्या पुस्तकांत मांडलें आहे. तेथें तो स्पार्टाची या बाबतींत स्तुति करतो आणि तेथील अति कष्टांनीं मुलें पशुवत् होतात असा दोषहि देतो. परंतु स्पार्टाचें असें दफ्तर आपल्या हातीं नाहीं. झेनोफोनचें छोटें पुस्तक प्रशंसेसाठीं लिहिलेलें आहे, आणि प्लूटार्क त्याच्याहि नंतर चारशेंहून अधिक वर्षांनीं झाला. म्हणून कोल्ह्याच्या पिलाची गोष्ट शाळेंत सांगावयास हरकत नाहीं; तिच्यावर स्पार्टाच्या शिक्षणाचा इतिहास मात्र उभारूं नये.

६. दफ्तराचें मौन

दफ्तर खोटें बोलत नाहीं म्हणून तें सर्व बोलतें असें नव्हे. वर्षाधिकारी होणारास विचारावयाचे प्रश्न ५५ व्या प्रकरणांत आहेत : तुझा बाप कोण व कोणत्या मौजाचा, बापाचा बाप कोण, आई कोण, आईचा बाप कोण व कोणत्या मौजाचा, कुळाचीं देवस्थानें व थडगीं कोठें आहेत, आईबापांस नीट वागवितोस कीं नाहीं, कर भरतोस कीं नाहीं, लढाईवर गेला होतास कीं नाहीं. या ठिकाणीं स्त्रीचा प्रवेश होतो, पण तो कोणाची तरी मुलगी व कोणाची तरी आई म्हणून. तिचें स्वतःचें जीवन या ग्रंथाच्या कक्षेंत येत नाहीं.

दासांविषयींचें मौन याहून बोलकें आहे. रस्त्यावर मेलेल्यांचीं प्रेतें उचलण्यास सरकारी दास असत, असा उल्लेख येतो. परंतु इ. स. पू. ३७५-७४ चा चांदीच्या नाण्यांविषयींचा एक कायदा, १९७० मध्यें बाजारपेठेच्या उत्खननांत सांपडलेल्या शिळेवर कोरलेला आहे. त्यावरून असें कळतें कीं, सराफी मेजांमध्यें बसून प्रत्येक संशयित नाणें पारखणारा माणूस सरकारी दास असे. त्याचा निर्णय नागरिक व्यापाऱ्यासहि मानावा लागे. आणि तो जागेवर न बसल्यास त्यास ५० फटके मारण्याची तजवीज त्याच कायद्यांत आहे. आमच्या ग्रंथांत वजनेंमापें तपासणारे आहेत, धान्यरक्षक आहेत. हा पारखी नाहीं. ज्याच्या नजरेवर बाजाराचा विश्वास टेकलेला होता, तो अधिकारी नव्हता, म्हणून अधिकाऱ्यांच्या यादींत त्यास जागा मिळाली नाहीं.

७. उपसंहार

संस्कृताच्या अभ्यासकास येथें कौटिलीय अर्थशास्त्राची आठवण होणें स्वाभाविक आहे. तेंहि लुप्त होऊन पुन्हां मिळालें व शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांतहि पौतवाध्यक्ष, पण्याध्यक्ष, गणिकाध्यक्ष व नागरिक आहेत. या साम्यावरून दोहोंस एकाच मापानें मोजण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. कौटिल्याचीं क्रियापदें विध्यर्थी आहेत : अध्यक्षानें असें करावें. अथेन्सच्या ग्रंथाचीं वर्तमानकाळीं आहेत : अधिकारी असें करतात. एक शास्त्र आहे, दुसरी नोंद आहे. शास्त्रावरून राज्यकर्त्याचा आदर्श कळतो, तो अमलांत किती आला हें निराळ्या साधनांनीं शोधावें लागतें. नोंदीवरून अंमल कळतो. पण नोंद करणारास ज्याची नोंद करावीशी वाटली नाहीं, तें निराळ्या साधनांनींच शोधावें लागतें.

तेव्हां निर्णय असा. पहिल्या ४१ प्रकरणांतील कोणतीहि घटना थुसिडिडीस, शिलालेख व कालगणना यांशीं ताडल्यावांचून स्वीकारूं नये. पुढील २८ प्रकरणें चौथ्या शतकाच्या अखेरच्या अथेन्ससाठीं प्रथम दर्जाचें साधन म्हणून घ्यावीं. परंतु तीं पेरिक्लीसच्या शंभर वर्षें आधींच्या काळास लावूं नयेत आणि अथेन्सवरून सर्व ग्रीसास तर नयेच नये. मराठींत या ग्रंथाचा उपयोग करणारांनीं दुसऱ्या भागापासून वाचनास आरंभ करावा, अशी माझी सूचना आहे. भाकरीचें वजन, न्यायसभासदाचे तीन ओबोल आणि सरहद्दीवरील मुलाची ढाल हीं आधीं हातीं आलीं, म्हणजे किमोन-पेरिक्लीसांच्या गोष्टींत कितपत वजन आहे तें वाचकाचें वाचकासच ठरवितां येईल.